नटाबाहेरचे दोन आटे

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मधलीने चिमट्याने सीट जागेवर ठेवून पाहिली, आणि ती दोन मिलिमीटर उंच बसली.

दोन मिलिमीटर! एवढ्यातेवढ्यावरून काय जीव खायचा, असं कुणीही म्हणेल. पण गाडी म्हणजे एकास बारा मापाची छोटी प्रतिकृती होती. खऱ्या गाडीत हेच अंतर इंचभर झालं असतं, आणि या घरात इंचाला फार मान होता. शिवाय मधलीचा धंदाच तसला. ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवायची. केसभर उंच दात बसला तर माणूस आठवडाभर कशा शिव्या घालतो, हे ती वीस वर्षं ऐकत आली होती.

बाकी गाडीतली आतली सगळी कामं तिच्याच हातची. दोन वर्षांपूर्वी आप्पांच्या उजव्या हाताला कंप सुटला, तेव्हापासून ती दर रविवारी माहेरी यायची, आणि आप्पा शेजारच्या खुर्चीवर बसून तिच्या चुका काढायचे. रंगाच्या डब्याचा पत्रा कापून तिने तीन पेडल केले होते. जुन्या टेलिफोनच्या वायरीतली तांब्याची तार वाकवून पट्ट्यांची बक्कलं, रिबिनीची कड उसवून पट्टे, टाचणीच्या डोक्याचा गिअरचा गोळा, बॉलपेनच्या रिफिलचं आग विझवायचं नळकांडं. डायलचे आकडे कागदावर बारीक छापून आणायचे, गोल कापायचे, वर वार्निशचा एक थेंब सोडायचा, की झाली काच. "तेलाच्या दाबाचा काटा जरा डावीकडे घे," आप्पा म्हणायचे. "त्याच्या गाडीत तो कायम डावीकडे असायचा."

त्याच्या म्हणजे थोरल्याच्या. थोरला शर्यतीत गेला त्याला अकरा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून आप्पांनी त्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. नाव काढत नव्हते आणि गाडी मात्र खिळ्यासकट त्याचीच बनवत होते. आता हे घरच असं, त्याला कोण काय करणार!

सीट तेवढी आप्पांनी कुणाला शिवू दिली नव्हती. चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा बनवून संसार चालवलेला माणूस, त्यामुळे त्यात कुणाला नवल वाटलं नाही. हात हलू नये म्हणून मनगट शिकंज्यात फडक्याने बांधून, दार लोटून, ते पाच महिने त्या अंगठ्याएवढ्या सीटशी झटत होते. सीट आणि तिच्याखालचा तळाचा पत्रा त्यांनी एकत्रच जोडून मधलीच्या हातात दिला होता. आज सगळे जमायचे होते, दुपारी बॉडी वरून चिकटवायची होती, आणि पाच वाजता शर्यतींच्या क्लबाचे सेक्रेटरी येऊन गाडी घेऊन जाणार होते. क्लबाच्या दालनात काचेची पेटी तयार होती.

'आप्पा चुकले,' मधली मनाशी म्हणाली, आणि तिला फार वाईट वाटलं. त्यांच्या हातून माप चुकल्याचं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. आप्पा अंघोळीला गेले होते. तेवढ्यात खालून दोन हात कानस मारून बसवून टाकू, त्यांना कळायलाही नको, म्हणून तिने तो पत्रा उलटा केला आणि भिंगाखाली धरला.

सीटखाली पाचर होती. लाकडाची वाटावी अशी. आप्पांनी तिच्यावर लाकडाच्या रेषासुद्धा रंगवल्या होत्या.

मग तिने नट पाहिले. चार होते, प्रत्येक जेमतेम मिलिमीटरभर. सुईवर केसाएवढी तार गुंडाळून आप्पांनी बोल्टांचे आटे काढले होते. पुढच्या दोन नटांतून आट्यांचे दोन-दोन वेढे बाहेर आलेले दिसत होते. मागच्या दोन नटांत नुसतं भोक होतं. काळं, रिकामं. बोल्ट तिथवर पोचलेच नव्हते.

या घरातल्या पोरांना पाढे यायच्या आधी एक गोष्ट यायची. नट आवळला की बाहेर दोन आटे दिसले पाहिजेत. नाही दिसले तर ते आवळणं नव्हे, नुसतं टेकवणं. आप्पा अंगठा फिरवून मोजायला लावायचे, चुकलं की टपली. थोरल्याच्या लग्नात पाहुणे बसायच्या आधी आप्पांनी भाड्याच्या खुर्च्यांचे नट तपासले होते, त्यावरून आत्या अजून त्यांची खेचायची. अशा माणसाच्या हातून नकळत दोन नट रिकामे राहणं शक्य नव्हतं. हे त्यांनी मुद्दाम केलं होतं. जसं होतं तसं केलं होतं.

मधलीने चारही नट परत मोजले.

कारण अकरा वर्षं घरात वेगळीच गोष्ट चालत आली होती. शर्यतीत धडक बसली ती काही फार मोठी नव्हती, पण सीट मागून उखडली आणि थोरला गेला. चौकशीत निघालं की मागचे नट सैल होते. तपासणीच्या कागदावर सही होती धाकट्याची. तोच गाडीचा मेकॅनिक. आदल्या संध्याकाळी त्याने चारही नट आवळले होते, चारही खुणा केल्या होत्या. निदान त्याला तसं वाटत होतं. मग लोक म्हणाले, थोरल्याची बायको म्हणाली, कागदाने म्हटलं, आणि शेवटी तो स्वतःच म्हणायला लागला की विसरलो असेन, माझंच लक्ष नसेल. त्याने पाना सोडला. दूरच्या गावी एका शीतगृहात हजेरी लिहायच्या नोकरीला लागला. लग्न केलं नाही. ज्याच्या हातून सख्खा भाऊ गेला त्याने कसला संसार मांडायचा, असं एकदाच म्हणाला होता. घरी तो अकरा वर्षांत आला नव्हता. आज यायचा होता, कारण पुढच्या महिन्यात कंपनी त्याला समुद्रापार पाठवत होती, आणि तिथून तो परतायची चिन्हं नव्हती.

मधली पत्रा तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात गेली. "आई, हे बघ."

आई फडक्याला हात पुसत होती. चष्म्याशिवाय तिला भिंतीवरचं घड्याळ दिसत नसे, पण तिने चष्मा लावला नाही.

"केलं होय त्यांनी," ती हळूच म्हणाली. "मला वाटलंच होतं, करतील."

"तुला माहितीय?"

"उजेडाला बॅटरी मीच धरली होती."

मधलीने स्टूल ओढलं. आई मात्र उभीच राहिली, आणि किराणा सांगावा तशा आवाजात सांगत सुटली. "शर्यतीच्या सकाळची गोष्ट. थोरला म्हणाला, पुढचं नीट दिसत नाही, सीट जरा उंच करा. धाकटा टायर आणायला गेला होता. ह्यांनी फळीचा तुकडा कापून खाली घातला. लांब बोल्ट पेटीत नव्हते. हे म्हणाले, एका शर्यतीपुरतं चालून जाईल. मी म्हटलं, अहो, मागचे आटे दिसत नाहीत. तर म्हणाले, तू बॅटरी नीट धर."

"आणि धाकट्यावर आलं तेव्हा?"

"फळी धडकेत फुटून उडाली होती, चौकशीत कुणाला सापडलीच नाही. हे आठ दिवस जेवले नव्हते. बोलले असते ना, तर त्याच दिवशी जिवाचं काही करून घेतलं असतं. एक तर गेला होता गं. धाकटा तरुण होता. वाटलं, हा सोसेल. पुढे आयुष्य आहे, हळूहळू विसरेल."

"विसरला?"

आईने पातेल्यावर झाकण ठेवलं. "आज तो येतोय," ती म्हणाली. "दोन घास सुखाने खाऊ दे त्याला. ह्यांनी सगळं त्या गाडीत ठेवलंय ना? मग मिटू दे. तुझ्या पाया पडते हवं तर."

 मधलीने पत्रा परत आप्पांच्या टेबलावर नेऊन ठेवला, सुलटा, आणि आप्पा टॉवेलने कान पुसत आले तेव्हा खाली मान घालून एक बक्कल उगाचच घासत बसली.

"सीट बघितलीस?" आप्पांनी विचारलं.

"बघितली."

"वरून?"

तिने वर पाहिलं. म्हातारा तिच्याकडे बघतच नव्हता, खिडकीबाहेर बघत होता. "बॉडी एकदा चिकटली की आतलं कुणाला दिसत नाही," तो म्हणाला. "तरी आत खोटं करवत नाही मला. हात वळत नाही."

तीनपर्यंत सगळे आले. बाहेर मळभ दाटलं होतं, भर दुपारी दिवा लावावा लागला.

आत्या आप्पांची थोरली बहीण, ऐंशी उलटलेली, आणि जिभेला हाड म्हणून नाही. तिने आल्या आल्या उघड्या गाडीत डोकावून पाहिलं. "बाई बाई बाई! एवढ्याशा पट्ट्याला शिवणसुद्धा? आणि हे सगळं वरून झाकणार? दिसणार नाही त्याच्यासाठी डोळे फोडून घ्यायचे, ही आमच्या भावाची हौस लहानपणापासूनची हं."

वहिनी, म्हणजे थोरल्याची बायको, खिडकीशी बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने पर्स ठेवली, तिथे कुणी बसू नये म्हणून. कुणी म्हणजे कोण, ते सगळ्यांना ठाऊक होतं.

धाकटा सगळ्यात शेवटी आला. दारात घुटमळला. दोन्ही हात कोटाच्या खिशात.

"ये रे बाबा," आत्या म्हणाली. "तोंड तरी दाखवलंस! केस कुठे गेले सगळे?"

"थंडीने गळले, आत्या. शीतगृहात असतो ना."

"थंडीने झाडाची पानं गळतात, मेल्या, केस नाही गळत."

तो हसला. मधलीला ते हसू बघवलं नाही. चाळिशीतला माणूस, पण उंबरठ्यावर असा उभा होता की कुणी 'नको' म्हटलं तर लगेच माघारी फिरावं. आईने त्याला चहा आणून दिला. त्याने एकच हात बाहेर काढला, कप घेतला आणि न पिता टेबलाच्या कडेला ठेवला.

"आई, तुझी तब्येत कशी आहे?"

"फोनवर सांगतेच की दर महिन्याला. आता सगळ्यांबरोबर जेवून जा बरं का. घाई नको करू."

थोडा वेळ बरं चाललं. आत्याने खुर्च्यांच्या नटांची गोष्ट परत सांगितली, आप्पासुद्धा ओठांत हसले. मग वहिनी बोलली. ती सहसा बोलत नसे. "पेटीखाली पाटी लागणार आहे. चालवणाऱ्याचं नाव, गाडी कुणी बनवली त्याचं, आणि तेव्हाच्या मेकॅनिकचं. सेक्रेटरींचा फोन होता." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "भाऊजींचं नाव त्यावर नको. मला रोज नाही जायचं तिथे, पण नको."



"वहिनीचं बरोबर आहे," धाकटा म्हणाला. "नका घालू. मीच सांगणार होतो."

"अगं, आता किती दिवस धरून बसायचं?" आत्या कळवळून म्हणाली. "पोराने भोगलं ना पुरेसं? आणि त्याच्या बापाकडे बघ. काळीज बघा माझ्या भावाचं! दुसरा असता तर दारात उभा केला नसता. पण याने अकरा वर्षांत एका शब्दाने बोल लावला नाही पोराला. एका शब्दाने!"

 आप्पांनी गाडीची बॉडी मांडीवर ओढली आणि म्हणाले, "उशीर होतोय. ग्लूची सुई दे. मिटवूया."

मधलीने सुई उचलली. टोकाला थेंब धरला. समोर आई उभी होती, पदर मुठीत आवळून, आणि नुसत्या डोळ्यांनी विनवत होती. मधलीला तिची कीव आली, हे खरं. आप्पांचीही आली. पण तिची नजर गेली टेबलाच्या कडेच्या त्या कपाकडे, आणि पुन्हा खिशात गेलेल्या त्या हाताकडे. आज हे मिटलं असतं तर तो हात जन्मभर खिशातच राहिला असता, समुद्रापार कुठेतरी, कुणाला न कळता.

"तपासणी राहिलीय," ती म्हणाली.

"कसली तपासणी?" आप्पांचा आवाज चिरकला.

"गाडी मिटवण्याआधी तपासायची आणि सही करायची, ही आपल्या घरची रीत. करणारा आलाय ना आज." तिने पत्रा उलटा करून भिंगाखाली ठेवला आणि दिवा जवळ ओढला. "धाकट्या, ये."

"मी नाही, ताई. मी हात लावत नाही आता. घरातला बल्बसुद्धा शेजाऱ्याकडून बदलून घेतो."

"हात लावू नकोस. नुसते आटे मोज."

तो आप्पांकडे परवानगी मागितल्यासारखा बघत पुढे आला. आप्पा 'नको' म्हणाले नाहीत.  धाकटा वाकला, आणि सवयीने खिशातला हात आपोआप बाहेर आला, अंगठा हवेत फिरला.

"पुढचा डावा, दोन," तो पुटपुटला. "पुढचा उजवा, दोन. मागचा..." तो थांबला. डोळे चोळून परत वाकला. खूप वेळ वाकून राहिला. 

"आप्पा, मागचे आटे कुठेत?"

"नव्हते," आप्पा म्हणाले.

"आणि ही पाचर?"

"माझी. तू टायर आणायला गेलास तेव्हा घातली. तू आवळलेले नट मी सोडले. तू नीट आवळले होतेस, पोरा. चारही."

धाकटा तसाच उभा राहिला. रडला नाही, ओरडला नाही. "रोज झोपताना मी ते चार नट आवळतो," तो सांगायला लागला, कुणा एकाकडे न बघता. "अकरा वर्षं. पहिला, दुसरा, तिसरा, आणि चौथ्यापाशी आठवत नाही. आवळला की नाही आवळला, आठवतच नाही. वेड लागायची पाळी आली होती मला."

आत्या काठी टेकत आली, भिंगातून पाहिलं. ती भावाजवळ बसली पण त्याच्याकडे बघितलं नाही. मग वहिनी उठली. तिने पाहिलं, परत पाहिलं, भिंगावरचा हात तिला काढवेना. आईने मात्र जागा सोडली नाही.

धाकट्याची मान हळूहळू तिकडे वळली.

"आई, तू नाही बघणार?"

"मला इतकं बारीक दिसत नाही रे."

"चष्मा लाव की."

आईचा चष्मा तिच्या गळ्यात दोरीला लटकत होता. तिचा हात तिथवर गेला आणि तिथेच थांबला.

"असं होय," धाकटा म्हणाला.

"अरे, मी फक्त..."

"आप्पांचं मी समजू शकतो. हात चुकला, मग जीभ रेटली नसेल. पण तू दर महिन्याला फोन करायचीस, आई. पहिल्या रविवारी, न चुकता. मी म्हणायचो, आई, माझ्यामुळे झालं. तू काय म्हणायचीस, सांगू सगळ्यांना?" त्याचा आवाज तेवढ्यापुरता फाटला. "म्हणायचीस, झालं गेलं विसर बाळा, आम्ही तुला माफ केलंय."

आईने भिंतीला पाठ टेकली.

तो दारापाशी गेला, बूट घातले. वाकून नाडी बांधताना त्याची बोटं झरझर चालत होती, जशी पूर्वी चालायची. कुणालाही अडवायचं धाडस झालं नाही. दार लागलं. मग वहिनी पर्स खुर्चीवर तशीच टाकून, पायांत काही न घालता जिन्याकडे धावली. "भाऊजी! भाऊजी, थांबा हो, ऐका माझं..." दोघांची पावलं खाली खाली जात राहिली आणि रस्त्यावरच्या आवाजात मिसळली.

सुईच्या टोकावरचा ग्लू वाळून गेला होता. मधलीने ती पुसून ठेवून दिली.

पाचला बेल वाजली. सेक्रेटरी आले, भले गृहस्थ, बूट पुसून आत आले. टेबलावर गाडी उघडीच, बॉडी बाजूला, तळ वर, त्यावर भिंग. ते गोंधळले. "अजून राहिलीय वाटतं? नंतर येऊ का?"

"नाही," आप्पा म्हणाले. "अशीच न्या. उलटी ठेवा, आणि हे भिंगही बरोबर न्या."

"बरं. आणि पाटीवर मेकॅनिक म्हणून नाव...?"

"धाकट्याचं घाला. आणि खाली आणखी एक ओळ लिहा. सीट बापाने बसवली होती." त्यांनी भिंग सेक्रेटरींच्या पुढे सरकवलं. "एवढंच लिहा. वाचणाऱ्याने आटे मोजावेत."

सेक्रेटरी लिहून घेत होते. आत्या डोळे मिटून बसली होती. आई भिंतीपासून निघाली, सावकाश टेबलापर्यंत आली. धाकट्याचा कप कडेला तसाच होता, वर साय धरलेली. तिने तो हातात घेतला, खिडकीतून रस्ता दिसतो का बघितलं, परत ठेवला, आणि त्या गार झालेल्या चहावर बशी झाकून ठेवली.